मामाच्या सदऱ्याचे खिसे

"चाचा, शोकसभेतून असे मधेच उठून जाणे बरे दिसले नाही."

अध्यक्ष अजून ओट्यावर टेकलेसुद्धा नव्हते. काखेत ठरावाची फाईल, खांद्यावर परवाच्या सभेतलीच शाल.

"तुम्ही चाळीस मिनिटं बोललाव," चाचा म्हणाले. "मामा तीन मिनिटांत अख्ख्या गावाला रडवायचा. मला चाळीस मिनिटांत एक आसू आला न्हाई. म्हणलं, आपल्याच डोळ्यात काही खराबी है. घरी गेलो, शिलाईच्या मशीनपाशी निस्ता बसलो. तिथं आला."

मी चाचांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमचे रेडिओवरचे मामा गेल्यापासून माझ्या मनात जे अडकून बसलंय ते चाचाच बोलू शकले, म्हणून तर हे लिहून ठेवायला घेतलं. सभेची बातमी फोटोसकट छापून आलीय, ती पुन्हा सांगत नाही. काल सांजच्याला स्टेशन रोडला मावशीच्या टपरीसमोरच्या ओट्यावर आम्ही पाच जण होतो, मावशी धरून सहा.

"पण ठरलं काय सभेत?" भाच्यानं विचारलं. हा मामांचा सख्खा भाचा नव्हे. लहानपणी त्यांच्या बालनाट्यात ससा झाला होता, तेव्हापासून भाचा. पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत असतो, तेराव्याला आलाय.

अध्यक्षांनी फाईल उघडली. ते बोलतात ते छापल्यासारखं. घरीदारी, भाजी घेतानासुद्धा तसंच. "चौकाला मामांचे नाव देणे. चौकात अर्धपुतळा बसविणे. कमान उभारणे. कमानीवर अक्षरे अशी: 'आकाशवाणीचे ए ग्रेड कलावंत, अष्टपैलू नटवर्य'..."

"ए नव्हे, बी," सर म्हणाले.

"काय?"

"बी ग्रेड. आकाशवाणीच्या नाटकासाठी स्वरचाचणी घेतात. तिच्या पायऱ्या असतात: बी, बी हाय, ए आणि टॉप. मामा पहिल्या चाचणीत बी झाले आणि शेवटपर्यंत बीच राहिले. वरच्या पायरीसाठी पुन्हा चाचणी द्या म्हणून मी स्वतः दोनदा अर्ज आणून दिला होता. त्यांनी त्या अर्जाच्या पाठीमागं नाटकातल्या माणसांची यादी लिहिली."

"तरी कमानीवर बी ग्रेड कसे लिहिणार?" अध्यक्ष खरोखर अडचणीत पडले.

"ग्रेड कापसाला लावतात, साहेब," चाचा म्हणाले. "मामा काय फेडरेशनला घालायचा होता?"

शेतकऱ्यांचा कापूस घेणाऱ्या फेडरेशनचं नाव निघालं आणि गाडी तिकडं वळली. सरकारची कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ ला सुरू झाली का त्र्याहत्तरला यावर सर आणि अध्यक्षांची जुंपली. मावशीचे वडील जिंतूरकडून बैलगाडी घेऊन यायचे, तीन-तीन दिवस रांगेत, गाडीखालीच झोपायचे. आणि रांगेत कुणाच्या तरी गाडीच्या दांडीला रेडिओ टांगलेला असायचा.

"त्या रेडिओतच मामा पह्यल्यांदा ऐकला मी," मावशी म्हणाली. "बापासंगं आलते. इतकुशी व्हते. मला वाटलं, आमच्याच गावचं कुणी त्या डब्यात शिरलंय."

मावशीचं हे एक वाक्य त्या चाळीस मिनिटांपेक्षा मोठं आहे, असं मला वाटतं. कारण मामांनी केलं ते हेच. परभणीचं केंद्र १९६८ ला सुरू झालं तेव्हा रेडिओची भाषा म्हणजे सकाळी साडेआठच्या दिल्लीच्या बातम्यांची भाषा. स्वच्छ, इस्त्रीची. जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा एक माणूस शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात येऊन बसला आणि बोलला, "बसा, बसा. उठू नका. मी काय पाव्हणा है का?" त्या दिवसापासून तो मामा झाला. त्याआधी "कामून" आणि "करायलाव" हे शब्द हवेवरून ऐकू येतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आपण ते शब्द शाळेत बोललो की छडी मिळायची.

"छडी मीच मारायचो," सर म्हणाले. सर असे आहेत, लपवत नाहीत. "आणि नुसती छडी नाही. मी आकाशवाणीला पत्र टाकलं होतं. शासकीय माध्यमावरून अशुद्ध भाषेचा प्रसार होत आहे, विद्यार्थ्यांवर विपरीत परिणाम होत आहे. चार पानी."

"मग?"

"मग काय! पुढच्या पत्रोत्तराच्या कार्यक्रमात मामांनी ते वाचलं. पूर्ण. एक शब्द गाळला नाही, माझी चेष्टा केली नाही, अगदी मान देऊन वाचलं. आणि शेवटी म्हणाले, 'सरांचं बरोबर है. पण सर, मी उद्यापासून आपण काय करीत आहात म्हणलं, तर आमची म्हैस मागं वळून बघंल, कोण साहेब आला म्हणून. दूध आटलं तर कुणाला इचारावं?' दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर मागच्या बाकावरून म्हैस ओरडली."

चाचांना हसता हसता ठसका लागला. मावशीनं पाणी दिलं.

"मला कळायला फार वर्षं गेली," सर म्हणाले. "पुढं लक्ष्मण देशपांडे सरांनी एकट्यानं ५२ माणसं आपल्या बोलीत रंगमंचावर उभी केली आणि सगळ्या महाराष्ट्रानं ती डोक्यावर घेतली. मी तो प्रयोग बघून बाहेर आलो आणि पहिल्यांदा मनात आलं, अरे, मामा हेच म्हणत होते. मग घरी जाऊन त्यांची माफी मागितली. म्हणाले, 'सर, माफी ऱ्हाऊ द्या, त्या चार पानांतलं अक्षर लई सुंदर व्हतं, मपल्या पोराला गिरवायला दिलंय.'"

भाच्यानं विषय काढला तो मला अपेक्षित होता. तरुण माणसं हाच विषय काढतात. "पण मग मामा मुंबईला का नाही गेले? मालिका, सिनेमा... असा आवाज! लोक कुठल्या कुठे पोचले."

"बनी तो बनी," चाचा म्हणाले.

"नहीं तो परभनी," आम्ही बाकीच्यांनी पुरं केलं.

"हां. आता ही म्हण सगळे हरलेला माणूस म्हणल्यासारखी म्हणतेत. बाहेर जमलं तर जमलं, न्हाई तर हैच आपली परभणी. मामाचं उलटं होतं. त्याचं इथंच बनलं होतं, मियाँ. ज्याचं इथं बनलं तो तिकडं कायकू जाईल? गेला होता एकदा मुंबईला. आठ दिवसांत परत. म्हणला, चाचा, तिथं मला 'गावाकडचा माणूस' करायला सांगतेत. अन् गावाकडचा माणूस म्हणजे काय, तर येडा. पटका बांधायचा अन् तोंड उघडं ठेवायचं. मी म्हणलं, आमच्याकडं गावाकडचा माणूस वकील बी है अन् चोर बी है, तोंड बंद ठिवून. न्हाई जमलं."

आता भाच्यानं मोबाईल काढला. "बरं, रेकॉर्डिंग्ज तर असतील? द्या मला, मी सगळं साफ करून, नीट लावून ठेवतो. पुतळ्यापेक्षा ते लोकांना हवंय."

इथं मला बोलावं लागलं, कारण हे दुखणं माझं आहे. मी रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म घालवला. दोन ठिकाणी जाऊन, हात जोडून विचारून आलोय, नावं घेत नाही. मामांचं काही म्हणता काही नाही. आणि ते का नाही, हे मला धंद्यामुळं कळतं, म्हणून राग तरी कुणावर काढू? शेतकऱ्यांचा कार्यक्रम बराचसा थेट व्हायचा, बोलला की गेला. जे ध्वनिमुद्रित व्हायचं ते स्पूलच्या फितीवर. १२०० फुटांची फीत, सेकंदाला साडेसात इंच पळणार, म्हणजे बत्तीस मिनिटांत संपली. फीत महाग. मग एक कार्यक्रम झाला की तीच पुसायची आणि दुसरा भरायचा. सगळ्या जगात रेडिओवाले तेच करत होते. मोठ्या गवयांच्या फिती कपाटात गेल्या, आणि बोंडअळीवर बोलणाऱ्या मामांच्या फितीवर पुढच्या आठवड्यात मामाच बोलले. आपल्याच आवाजावर आपला आवाज. शेवटी तीही पुसली.

"म्हणजे काहीच नाही?" भाचा म्हणाला.

"डायलवरचे ठिपके आहेत," मी म्हणालो. ते खरंच आहेत. परभणी केंद्राचे १३०५ किलोहर्ट्झ म्हणजे जुन्या काट्यावर बारा आणि चौदाच्या मधोमध. बायका तिथं नखपॉलिशचा लाल ठिपका लावायच्या, काटा तिथंच थांबवायला. माझ्या माळ्यावर असे ठिपक्याचे सात रेडिओ पडून आहेत, कुणी न्यायलाच आलं नाही. दुकानात माणूस यायचा तो "रेडिओ बिघडलाय" म्हणत नसे, "मामाचा घसा बसलाय" म्हणायचा. मी उघडून बघायचो. सेल फुटून पाणी सुटलेलं असायचं, नाहीतर आवाजाच्या बटणात धूळ. पेट्रोलचा बोळा फिरवला की मामा बरे! आणखी एक सांगतो. मीडियम वेव्हच्या रेडिओत आत एक काळी कांडी असते, तीच त्याची एरियल. म्हणून नुसता रेडिओ फिरवला तरी आवाज कमीजास्त होतो. हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण घराघरांतून पोरांना ओरडून सांगायचे, "मामाचं तोंड इकडं कर!" मामांचं तोंड कुठल्या कोनाड्यात कुठं करायचं हे प्रत्येक घराला पाठ होतं.

मग अर्थातच सुरू झालं: मामांचा आवाज कुणाला येतो. प्रत्येकानं तेच वाक्य म्हटलं, "बसा, बसा, उठू नका." सरांचं फार शुद्ध निघालं, 'ठ' अगदी व्याकरणातला. भाच्यानं नाकातून काढलं, ते मोबाईलवरच्या विनोदी क्लिपसारखं. मला मामांचा फक्त खोकला येतो, बोलण्याआधीचा. अध्यक्षांनी "हे सभ्यतेला धरून नाही" म्हणून भाग घेतला नाही. मावशीचं त्यातल्या त्यात जवळ गेलं.

"मावशी, तुला कसं येतं?"

"मला त्यानं नाव घिऊन हाक मारल्याली है," ती म्हणाली. कढईखालचा गॅस तिनं बारीक केला. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत ऐकली नव्हती.

नवीन लग्न झालेलं. सासर जिंतूर तालुक्यातलं, दिवसभर कापूस वेचायचा. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटायची, रात्री भाकरी थापताना मीठ-पाणी लागलं की जीव जायचा. चौथी शिकलेली. पंधरा पैशाचं कार्ड आणलं आणि नवऱ्याच्या चोरून मामाला लिहिलं, कापूस वेचून बोटं फाटत्यात, काय लावावं.

"कार्यक्रमात एक साहेब आलते, फवारणीचं सांगायला. मामानं मपलं कार्ड वाचलं. मपलं नाव, गावाचं नाव. साहेब म्हणले, हा प्रश्न आमच्या इषयातला न्हाई. मामा म्हणला, 'साहेब, कापसाला कीड लागली तर तुम्ही सांगायलाव, येचणारीच्या बोटाला काय लावायचं ते कुणाच्या इषयात येतं?' रेडिओ गप्प! माणूस गप्प बसलेला बी रेडिओत ऐकू येतो, त्या दिशी कळलं मला. मग मामाच म्हणला, रात्री निजताना खोबरेल तेल लावा, वरून चिंधी बांधा, अन् घरातल्या माणसांनी चार दिवस भाकऱ्या थापून बघाव्या."

"आणि घरचे?"

"समदं घर ऐकूलालतं. मी चुलीपाशी, वर बघायची हिंमत न्हाई. सासू काही म्हणता काही बोलली न्हाई. सकाळी उठले तर तेलाची शिशी चुलीपाशी ठिवल्याली."

अध्यक्षांनी फाईल मिटली, पण सर मात्र पुन्हा मास्तर झाले. "रेडिओवरचे मामा मोठेच. पण रंगमंचावरचे मामा... आपण आपल्यात खरं बोललं पाहिजे. नट म्हणून कमी पडायचे. राज्य नाट्य स्पर्धेत कधी प्रमाणपत्र मिळालं? स्पर्धेला संहिता मंजूर करून आणावी लागते, त्याबाहेर बोलायचं नाही. मामांना त्याबाहेरचंच सुचायचं. आणि हात. स्टेजवर त्यांना हातांचं काय करावं हेच कळत नसे. माइकपुढं हातात कागद असायचा, एकेक पान आवाज न करता खाली सोडायचं, हातांना काम होतं. स्टेजवर कागद नाही, की ते दोन्ही हात मेल्यासारखे लोंबायचे. एका परीक्षकानं लेखी शेरा दिला होता."

"हौ, 'हस्तविक्षेप सदोष'," चाचा म्हणाले.

"तुम्हाला आठवतंय?"

"आठवणार न्हाई? मी त्याचा इलाज केला. खिसे शिवले."

"खिसे?"

"मामाच्या प्रत्येक सदऱ्याला. शेतकऱ्याच्या, पाटलाच्या, फौजदाराच्या. कोपरापर्यंत खोल, आतून दुहेरी कापड, म्हंजे हात घातला की बसतो. त्याला म्हणलं, जिथं हाताचं काही सुचंना तिथं खिशात घाल अन् बोल. पुढच्या साली लोक म्हणायले, काय रुबाब आलाय मामाच्या चालीत! तो रुबाब तीन बोटं जास्तीच्या शिलाईचा होता."

"पण ऐतिहासिक नाटकात?" भाचा म्हणाला. "राजाच्या अंगरख्याला खिसे?"

"आतून. बाहेरून दिसत न्हाई. दिल्लीच्या बादशहाच्या दरबारात मामा उभा है, एक हात अंगरख्यात. सगळ्याला वाटायलंय कट्यार काढतो का काय. तो आत शेंगदाणे चाचपायलाय."

यावर बराच वेळ कुणाला बोलता येईना. चाचांना आमचा हशा ओसरू द्यायचा होता, ते मला नंतर लक्षात आलं. कारण त्यांनी पुढं जे सांगितलं ते त्यांना सांगायचंच होतं, बहुतेक परवा सभेतच सांगायचं होतं.

"किल्लारीनंतर आम्ही गेलतो," ते म्हणाले.

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. पहाटे चारला चार मिनिटं कमी. आमच्या वयाच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. त्या पहाटे परभणीतसुद्धा लोक अंगणात आले होते. मामा थंडी पडायला लागल्यावर पाच-सात जणांना घेऊन लोहाऱ्याकडच्या एका शेड वस्तीवर गेले, लेकरांसाठी नाटक करायला. चाचा कपड्यांची पेटी घेऊन बरोबर.

"बारकंसं नाटक. बेडूक, ससा, पाऊस येतो, सगळे नाचतेत. आता पाऊस म्हणल्यावर गडगडाट पाह्यजे. नाटकात गडगडाट कसा करतेत? पत्रा हलवून. पत्रा माझ्या हातात होता. विंगेतून, म्हंजे चादर टांगली होती तिच्यामागून, मी हलवला. जोरात, नेहमीसारखा." चाचा थांबले. "तिकडं भूकंपाच्या आधी वर्षभर जमिनीतून असेच आवाज यायचे, हे आम्हाला काय ठाऊक. एक लेकरू किंचाळलं. दुसऱ्या घडीला सगळं शेड रिकामं. लेकरं, आया, म्हातारे, सगळे मैदानात. अन् माझ्या हातात तो पत्रा अजून वाजूलालता, थांबंना."

मावशीनं पदर तोंडाला लावला.

"मामा माझ्यावर ओरडला न्हाई. बेडकाच्या कपड्यात तसाच भाईर गेला अन् मातीत बसला. कुणाला जवळ बोलवलं न्हाई. निस्ता रेडिओतला आवाज काढला: 'बसा, बसा, उठू नका.' त्या आवाजाला ते वळखत होते. एकेक करून आले. मग म्हणला, आपला पाऊस आपण पाडू. एक बोट तळहातावर मारा. टिक, टिक. झाला थेंब. आता दोन बोटं. आता तीन. आता सगळा हात. दोनशे लेकरांनी मैदानात पाऊस पाडला, अन् कमी कमी करीत परत एका बोटावर आणून थांबवला. गडगडाट न्हाई. तिथून पुढं मामानं कवाच पत्रा वापरला न्हाई, ना नाटकात, ना रेडिओत. पाऊस लागला तर कागदावर मोहरी सोडायचा. एका नाटकात लेखकानं गडगडाट लिहिलाच होता, तर म्हणला, आमच्या मराठवाड्यात बिनगडगडाटाचा बी पाऊस पडतो, अन् पडला तर लई उपकार."

"तो पत्रा?" मी विचारलं.

"मपल्या दुकानाच्या खिडकीवर है. तिथं त्याच्यावर पाऊस वाजतो तेवढाच."

कितीतरी वेळ कढईतल्या तेलाचाच आवाज होता. मग अध्यक्ष म्हणाले, "हे आपण सभेत सांगावयास हवे होते."

"मला कुठं बोलवलं होतं?" चाचा म्हणाले. "पत्रिकेत मी 'आणि इतर' मध्ये होतो."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. ते वाईट मनाचे नाहीत. मामांच्या दवाखान्याच्या वेळी गाडी त्यांनीच दिली होती, हे इथं लिहिलं पाहिजे. पण त्यांना मामा हवेत ते कमानीवर, वाचता येतील असे. आम्हाला ते ऐकायला हवेत. ओट्यावरच्या भांडणाचं मूळ एवढंच होतं. आणि दुसरं मूळ चाळीस वर्षांपूर्वीचं, ते चाचांनी काढलंच.

"साहेब, खरं सांगा, चाळीस मिनिटं कामून बोललाव? गणपतीतल्या नाटकाचा घसा मोकळा करून घेतला ना?"

भाच्याला ठाऊक नव्हतं म्हणून सरांनी सांगितलं. गणेशोत्सवातलं ऐतिहासिक नाटक, अध्यक्ष तेव्हा तरणेबांड, सरदाराच्या भूमिकेत. दोन पानी भाषण. तलवार उपसून पुढं आले आणि शब्द फुटेना. प्रॉम्प्टर ओरडून ओरडून थकला, पुढच्या रांगेला ऐकू गेलं, सरदाराला नाही. तेवढ्यात हुजऱ्या झालेले मामा आत आले, मुजरा केला आणि म्हणाले, "सरकार, वैद्यबुवांनी घसा बसलाय म्हणून बोलू नका सांगलं, अन् तुम्ही ऐकत न्हाई. तुम्ही निस्ती तलवार हलवा, काय म्हणायचं ते मी सांगतो." आणि दोन पानी भाषण हुजऱ्यानं म्हटलं. सरदार मागं उभा राहून वाक्यावाक्याला तलवार हलवतोय. टाळ्या, शिट्ट्या! गावाला वाटलं नाटकातच आहे.

"अन् त्याच नाटकाच्या अकरा मावळ्यांच्या कपड्यांची शिलाई अजून यायची है," चाचा म्हणाले. "३४० रुपये. सरदाराकडं."

"तो विषय मंडळाच्या सभेत निकाली निघाला आहे."

"मंडळाच्या सभेत मी 'आणि इतर' मध्ये बी नव्हतो."

भाचा जोरात हसला आणि अध्यक्ष उठले. शाल सावरली, फाईल काखेत. ते खरंच निघाले असं वाटून सर उठले, मी उठलो, मावशी झारा हातात घेऊन पुढं आली. अध्यक्षांनी आमच्याकडं बघून हात झटकला आणि चिडून ओरडले:

"बसा, बसा! उठू नका! कामून उठायलाव समदे? मी काय पाव्हणा है का? त्या दिशी मपल्याला ताप व्हता, एकशेतीन ताप! मामाच म्हणला, तू निस्ता उभा ऱ्हा, बाकी मी बघतो. त्यानं मला सांभाळलं, अन् तुम्ही चाळीस वर्सं तेच धरून बसलाव!"

आम्ही जागच्या जागी. आवाज तोच होता. 'बसा' नंतरचा तो अर्धा श्वास, 'पाव्हणा' मधला तो लांबलेला 'व्ह', सगळं तेच. मी डोळे मिटले असते तर बारा आणि चौदाच्या मधोमध काटा थांबला होता.

"अगं माय," मावशी म्हणाली. "मामा बोलला."

"परत म्हणा," भाचा म्हणाला. "साहेब, परत एकदा, प्लीज."

"काय म्हणू?" अध्यक्ष गोंधळले. त्यांनी घसा साफ केला. "मला असे म्हणावयाचे आहे की, त्या दिवशी माझी प्रकृती..."

"गेला," चाचा म्हणाले. "परत चिडवा त्यांना."

मग जो हशा फुटला तो मला सांगता येणार नाही. समोरचा पानवाला काय झालं म्हणून बघायला आला. सर चष्मा काढून डोळे पुसत होते. आणि अध्यक्षही हसायला लागले, आधी ओठातल्या ओठात आणि मग पोट धरून, आणि हसता हसता त्यांच्या तोंडून "आरं बापा, आरं बापा" निघालं, ते छापल्यासारखं नव्हतं.

"घेतलंस का रे भरून?" मी भाच्याला विचारलं. तो मोबाईलकडं बघत राहिला. नव्हतं घेतलं.

चहाचे पैसे अध्यक्षांनी दिले. चाचांनी त्यातनं ३४० वेगळे मोजायला सांगितले, त्यावर आणखी पाच मिनिटं गेली. पुतळ्याचं नक्की काय, हे कालही ठरलं नाही. चाचांचं म्हणणं, करायचाच तर खिशासकट करा, माप मी देतो. अर्धपुतळ्याला खिसे येत नाहीत, असं सरांनी निदर्शनास आणलं. मग पूर्ण करा, चाचा म्हणाले.

ठरलं एवढंच, की भाचा पुण्याला जायच्या आधी रविवारी सकाळी नऊला सगळ्यांनी ओट्यावर यायचं आणि ज्याला मामांचं जे आठवतं ते त्याच्यापुढं बोलायचं. आपल्या भाषेत, कागद न आणता. अध्यक्षसुद्धा. मी ठिपक्याचे सात रेडिओ आणणार आहे. चाचांकडं एक सदरा राहिलाय, फौजदाराचा, तो ते आणतील. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या. फक्त मावशीनं बजावून ठेवलंय, दहाला ती भजे तळायला घेते, तेलाचा आवाज होतो, तुमचं भरून घ्यायचं काम त्याआधी उरका.